लंडनमधील उमरावी घराच्या फेररचनेची जुनी रेखाटने कशी वाचावीत : नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

अठराव्या शतकात इंग्लंडमधील उमराव घराण्यांचा मूळ वाडा आणि जमीनजुमला खेड्याकडे असे, आणि पार्लमेंटच्या अधिवेशनाच्या दिवसांत राहण्यासाठी, मेजवान्या देण्यासाठी व राजकारण करण्यासाठी लंडनमध्ये दुसरे घर असे. या शहरी घरांपैकी कित्येक घरे नवी बांधलेली नव्हती. आधीच्या पिढीचे घर घ्यायचे, त्याच्या बाहेरच्या भिंती बहुतांशी तशाच ठेवायच्या आणि आतील रचना नव्या अभिरुचीप्रमाणे बदलायची, अशी ती पद्धत होती. अशा फेररचनेची शेकडो रेखाटने आज जपलेली आहेत आणि त्यांतील पुष्कळशी घरबसल्या पाहता येतात. वास्तुशास्त्र, अंतर्गत रचना किंवा वास्तुसंवर्धन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी हा विषय उत्तम आहे, परंतु पहिल्यांदा हे कागद समोर आले की नेमके कोठून सुरुवात करावी ते कळत नाही. मी या कामातून गेलेलो असल्यामुळे त्याचा क्रम येथे मांडत आहे.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी. यांतील बहुतेक कागद हे एखाद्या विशिष्ट दिवशी मालकापुढे ठेवलेले किंवा कारागिराच्या हाती दिलेले प्रस्ताव असतात. प्रस्ताव, आधीचे घर आणि प्रत्यक्ष झालेले बांधकाम या तिन्हींमधील अंतर ओळखणे हेच या अभ्यासातील मुख्य काम आहे, आणि पुढील सर्व पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. घर निवडताना पुरावा किती आहे ते आधी पाहा

सुंदर छताचे एकच चित्र पाहून घर निवडू नये. ज्या घराचे प्लॅन, निदान एक-दोन सेक्शन (घराचे उभे छेद), काही खोल्यांच्या भिंतींची एलिव्हेशन (समोरून दिसणारी सपाट चित्रे) आणि छतांची रेखाटने अशी सगळी जोडणी मिळते, तेच घर नवशिक्याने घ्यावे. अठराव्या शतकातील वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडम आणि त्यांचे बंधू जेम्स यांच्या कार्यालयाची रेखाटने सुरुवातीसाठी सर्वांत सोयीची आहेत. वास्तुकार सर जॉन सोन यांनी १८३३ मध्ये विकत घेतलेला हा सुमारे ९,००० रेखाटनांचा संग्रह लंडनमधील लिंकन्स इन फील्ड्स येथील सर जॉन सोन्स म्युझियममध्ये आहे आणि त्याची सूची चित्रांसह ऑनलाइन विनामूल्य पाहता येते.

या लेखात मी मुख्यतः ग्रोव्हनर चौकातील डर्बी हाऊसचे उदाहरण घेतले आहे. हे जुने घर अ‍ॅडम यांनी १७७३-७४ मध्ये तरुण लॉर्ड स्टॅनली यांच्यासाठी आतून पार बदलले. १८६२ मध्ये ते पाडले गेले, त्यामुळे त्याच्याविषयी जे काही कळते ते प्रामुख्याने कागदांवरूनच. घर उभे नसल्याने पडताळणी कठीण होते हे खरे, पण रेखाटने बारकाईने वाचण्याची सवय अशाच घरामुळे लागते.

२. मालकाची आणि घराची सगळी नावे जमवा

सर्वांत जास्त वेळ येथे वाया जातो. इंग्लिश उमरावाचे नाव वारसाहक्काने किंवा राजाने दिलेल्या बढतीने बदलते, आणि रेखाटनावर मात्र त्या दिवशीचे नाव असते. डर्बी हाऊसचे मालक १७७६ मध्ये आजोबांच्या निधनानंतर बारावे अर्ल ऑफ डर्बी झाले. त्याआधी ते लॉर्ड स्टॅनली होते. म्हणून फेररचनेच्या वेळचे कागद शोधायचे तर ‘स्टॅनली’ या नावाने शोधावे लागतात. अ‍ॅडम बंधूंनी १७७९ मध्ये आपल्या कामांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात तेच घर छापले तेव्हा मात्र ते अर्ल ऑफ डर्बी यांचे घर म्हणून आले. घोड्यांच्या ‘डर्बी’ शर्यतीला, आणि त्या ओघाने मुंबईच्या महालक्ष्मीवरील इंडियन डर्बीलाही, ज्यांचे नाव मिळाले तेच हे गृहस्थ.

अ‍ॅडम यांच्याच लंडनमधील दुसऱ्या एका कामाची, लॅन्सडाउन हाऊसची, गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ते लॉर्ड ब्यूट यांच्यासाठी सुरू झाले, अपुरे असतानाच १७६५ मध्ये लॉर्ड शेलबर्न यांनी घेतले, आणि शेलबर्न १७८४ मध्ये मार्क्विस ऑफ लॅन्सडाउन झाले. एकाच घराचे कागद तीन नावांखाली आढळू शकतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती एक तृतीयांश सामग्रीच लागते.

याच्या उलट अडचणही येते. एकाच मालकाच्या नावाचा प्रत्येक कागद शहरातल्या घराचाच असेल असे नाही. लॉर्ड स्टॅनली यांच्या विवाहानिमित्त जून १७७४ मध्ये सरे परगण्यातील त्यांच्या ‘द ओक्स’ या निवासस्थानी मोठा उत्सव झाला आणि त्यासाठीचा तात्पुरता मंडपही अ‍ॅडम यांनीच रचला होता. त्या मंडपाचे रेखाटन शहरातील घराच्या यादीत शिरू देऊ नये.

घरांचे क्रमांकही बदललेले असतात. डर्बी हाऊससाठी काही ठिकाणी २३ आणि काही ठिकाणी २६ असा क्रमांक आढळतो. म्हणून टिपणवहीच्या पहिल्याच पानावर मालकाची नावे व पदव्या वर्षांसह, पत्नीचे माहेरचे नाव, घराची नावे आणि सर्व क्रमांक लिहून ठेवावेत.

३. जमवायची कागदपत्रे आणि साधने

कागदपत्रे अशी :

– वास्तुकाराच्या कार्यालयातील रेखाटने. अ‍ॅडम यांच्या बाबतीत यांचा बहुतेक भाग सोन्स म्युझियममध्ये आहे.
– मालकाकडे पाठवलेल्या प्रती. या पुष्कळदा घराण्याच्या खासगी दप्तरात किंवा परगण्याच्या अभिलेखागारात असतात, आणि त्यांवर मालकाच्या हातचे शेरेही असू शकतात.
– अ‍ॅडम बंधूंनी १७७३ पासून भागाभागाने प्रसिद्ध केलेली छापील चित्रे.
– ‘सर्व्हे ऑफ लंडन’ या १८९४ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाचा संबंधित खंड. सेंट जेम्स चौकासाठी २९ व ३० हे खंड आणि ग्रोव्हनर इस्टेटसाठी ३९ व ४० हे खंड पाहावेत. ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन या संकेतस्थळावर ते विनामूल्य वाचता येतात.
– मिडलसेक्स परगण्याची दस्तनोंदणी. ती १७०९ पासून सुरू होते आणि आता द लंडन आर्काइव्ह्ज येथे आहे.
– वेस्टमिन्स्टरच्या अभिलेखागारातील घरपट्टीच्या वह्या. घर कोणाच्या नावावर कधी आले, मध्येच रिकामे होते का, हे त्यांवरून समजते.
– रिचर्ड हॉरवुड यांचा १७९२ ते १७९९ या काळात प्रसिद्ध झालेला लंडनचा नकाशा. त्यात घरांच्या हद्दी स्वतंत्र दाखवलेल्या आहेत.

साधनांत पेन्सिल, खोडरबर, साधे भिंग, फूट-इंच आणि मिलिमीटर दोन्ही असलेली पट्टी, डिव्हायडर, ट्रेसिंग पेपर आणि संगणकावर कॅडची कोणतीही प्रणाली पुरे होते. महागडी उपकरणे घेण्याची गरज नाही.

४. अभ्यासिकेत जाण्यापूर्वी

भेटीची वेळ आधी ठरवून घ्यावी आणि हवे असलेल्या कागदांचे सूची-क्रमांक लिहून पाठवावेत. आत शाई चालत नाही, पेन्सिलच न्यावी. मूळ कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवणे किंवा डिव्हायडरचे टोक टेकवणे कधीही करू नये. मोजमाप नेहमी छापील प्रतीवर किंवा पडद्यावरील चित्रावर करावे आणि मूळ कागदाची भेट रंग, पेन्सिलीच्या पुसट रेषा, खोडलेल्या जागा, घड्या व कागदातील जलचिन्ह पाहण्यासाठी राखून ठेवावी, कारण पडद्यावर नेमक्या याच गोष्टी नीट दिसत नाहीत.

अ‍ॅडम संग्रहाच्या खंडांत रेखाटने घरानुसार लावलेली नाहीत. छते काही खंडांत, शेकोट्यांच्या चौकटी दुसऱ्या खंडांत, प्लॅन आणखी कुठे, अशी ती प्रकारानुसार विखुरलेली आहेत. त्यामुळे एका खंडात एक छत सापडले म्हणून शोध संपला असे मानू नये.

५. प्रत्येक कागदाची जात ठरवा

यादीत प्रत्येक कागदासाठी खंड व पान क्रमांक, शीर्षक जसेच्या तसे, तारीख, मालकाचे लिहिलेले नाव, मजला, खोली, स्केल, शाई व रंग, आणि शेवटी ‘जात’ असे रकाने करावेत. जातीच्या रकान्यात पुढीलपैकी एक नोंद करावी : जुन्या घराची मोजणी, कच्चे रेखाटन, मालकाला दाखवण्याचे रंगीत रेखाटन, कारागिरासाठीचे काम-रेखाटन, कार्यालयाने ठेवलेली प्रत, किंवा काम झाल्यावर छापण्यासाठी केलेले चित्र.

यांतील प्रत्येकाची विश्वसनीयता वेगळी असते. रंगीत रेखाटन देखणे असते, पण ते मालकाने मान्य केले की नाही हे त्यावरून समजत नाही. काम-रेखाटन रूक्ष दिसते, त्यावर आकडे कोंबलेले असतात आणि कधी त्यात केवळ एका कॉर्निसचा (भिंत आणि छत यांच्या सांध्यावरील नक्षीदार पट्टीचा) पूर्ण मापाचा छेद असतो. तरीही काम खरोखर सुरू झाले याचा तोच जास्त भक्कम पुरावा आहे. छापील चित्र सर्वांत शेवटचे असले तरी त्यात वास्तुकाराने आपली रचना अधिक नीटनेटकी करून दाखवली असण्याची शक्यता असते. ग्रंथ छापण्यामागे नाव व्हावे आणि नवी कामे मिळावीत हा हेतू होता, हे लक्षात ठेवून तो वाचावा.

तारखेसंबंधी दोन सूचना आहेत. १७७० च्या दशकातील अ‍ॅडम यांच्या अनेक कागदांवर तारखेबरोबर ‘अ‍ॅडेल्फी’ असे ठिकाण लिहिलेले असते. थेम्सकाठच्या त्या वसाहतीत तेव्हा त्यांचे कार्यालय होते, म्हणून तारीख नसली तरी पत्त्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. दुसरे असे की इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणून त्याआधीच्या एखाद्या दस्तावर फेब्रुवारी १७३० असे असेल तर आपल्या हिशेबाने ते १७३१ असू शकते.

६. नव्या प्लॅनआधी जुने घर शोधा

माझ्या मते या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे आणि सर्वांत जास्त वेळही हिलाच द्यावा. नवशिका थेट गोलाकार दालने, स्तंभांच्या ओळी आणि अर्धवर्तुळाकार कोनाडे पाहू लागतो. हे आकार असे का झाले हे मात्र जुन्या घराशिवाय समजत नाही.

ग्रोव्हनर चौक १७२५ पासून आखला गेला. जमीन ग्रोव्हनर घराण्याची आणि घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली, ही व्यवस्था होती. घरे एकमेकांना लागून असल्याने दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक होत्या. खिडक्यांतून उजेड यायचा तो केवळ समोरच्या चौकाकडून आणि मागच्या अंगणाकडून. शेकोट्यांचे धुरांडे जाड भिंतींतून तळघरापासून छपरापर्यंत उभे जात असल्यामुळे एका मजल्यावर शेकोटी सरकवली की वरच्या-खालच्या सर्व मजल्यांचा प्रश्न उभा राहत असे. अशा अरुंद आणि खोल जागेत मेजवानीसाठी एकामागून एक दालनांची वर्तुळाकार फेरी बसवायची, प्रत्येक दालनाचा आकार निराळा ठेवायचा आणि नोकरांचा वावर पाहुण्यांच्या नजरेआड न्यायचा, हे कोडे वास्तुकाराला सोडवायचे होते. सामान्यतः अशा घरात खालच्या तळघरात स्वयंपाकघर, रस्त्याच्या फरसबंदीखाली कोळशाच्या कोठ्या, मध्यभागी वरून उजेड घेणारा मोठा जिना, बाजूला नोकरांचा लहान जिना आणि मागच्या गल्लीत तबेले असत.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम ट्रेसिंग पेपरवर केवळ सामाईक भिंती, समोरच्या व मागच्या खिडक्या आणि शेकोट्या काढा. हा घराचा न बदलणारा सांगाडा होय. मग प्रत्येक मजल्याचा कागद याच सांगाड्यावर बसतो का ते पाहा. शेकोट्या एकावर एक येत नसतील तर कागद दुसऱ्या घराचा आहे, उलटा धरलेला आहे, किंवा तो कधीच अमलात न आलेला पर्याय आहे. जुन्या घराचा मोजणी-प्लॅन मिळाला तर तो तिसऱ्या रंगात वर ठेवा. मग कुठली भिंत पाडली, कुठली जाड केली आणि कुठल्या जाडीत कोनाडा कोरला ते आपोआप दिसू लागते. वक्र भिंतीच्या मागे उरलेल्या त्रिकोणी जागा मुद्दाम तपासा. तिथे कपाट, लहान जिना किंवा लपवलेला दरवाजा असण्याची शक्यता असते.

रंगांबाबत सावध राहावे. जुन्या भिंती एका रंगात आणि नव्या दुसऱ्या रंगात दाखवण्याची पद्धत होती, परंतु कोणता रंग कशासाठी हे सर्वत्र सारखे नव्हते. आज आपण महानगरपालिकेला सादर करायच्या प्लॅनमध्ये ठरावीक रंग वापरतो, तो नियम या कागदांना लावू नये. कागदावर खुलासा असेल तर तोच प्रमाण मानावा. खुलासा नसेल तर सांगाड्याशी ताडून अर्थ लावावा.

मजल्यांच्या बाबतीत मराठी वाचकाला एक सोय आहे. आपल्याकडेही तळमजल्याच्या वरचा तो पहिला मजला, त्यामुळे इंग्लिश प्लॅन वाचताना गोंधळ होत नाही. अमेरिकी लेखकांच्या पुस्तकांतून माहिती घेताना मात्र मजला पुन्हा मोजावा. जुन्या दस्तांत मजल्याऐवजी जिन्यांवरून उल्लेख येतो. ‘वन पेअर’ म्हणजे पहिला मजला आणि ‘टू पेअर’ म्हणजे दुसरा, असे समजावे.

७. स्केल लावा आणि पुन्हा काढा

कागद शतकांच्या दमटपणाने आकसतो किंवा ताणला जातो आणि पडद्यावरील चित्राचा आकार तर कसाही असतो. म्हणून छापील प्रमाणावर विसंबू नये. कागदाच्या तळाशी काढलेली प्रमाणरेषाच वापरावी. उदाहरणार्थ, तुमच्या प्रतीवर ३० फुटांची रेषा ९५ मिलिमीटर भरली, तर एक फूट म्हणजे सुमारे ३.१७ मिलिमीटर. त्या प्रतीवर खोलीची रुंदी ६६ मिलिमीटर असेल तर खोली जवळजवळ २० फूट १० इंच, म्हणजे ६.३५ मीटरच्या आसपास येते. एक फुटाला एक अष्टमांश इंच हे प्रमाण हेच, आणि आजच्या भाषेत ते १:९६ होते.

येथे एक नेहमीचा सापळा आहे. प्रमाणरेषेत शून्य बहुधा डाव्या टोकाला नसून दहा फुटांनंतर असते आणि डावीकडचे दहा फूट एक-एक फुटाने विभागलेले असतात. डाव्या टोकापासून मोजणाऱ्याची सगळी खोली चुकते. लिहिलेला आकडा आणि मोजलेली लांबी यांत फरक आला तर आकडा प्रमाण मानून फरक टिपून ठेवावा.

८. भिंती आणि छते

खोलीच्या चार भिंती दाखवण्याची त्या काळची एक पद्धत अशी : मध्ये खोलीचा प्लॅन आणि त्याच्या चारही कडांना भिंती बाहेरच्या बाजूला आडव्या पाडलेल्या, जणू मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका चारही कोपऱ्यांत कापून सपाट केला आहे. अशा कागदाची प्रत काढून, कापून, भिंती उभ्या कराव्यात. खिडक्यांसमोर आरसे कोठे येतात आणि शेकोटी कोणत्या दारासमोर आहे, हे त्या कागदी खोलीत चटकन समजते.

भिंतीवर मोकळी सोडलेली जागा म्हणजे साधी पांढरी भिंत, असे समजू नये. बैठकीच्या दालनात अशा जागी बहुधा रेशमी डमास्क कापड किंवा विणलेले पडदे ताणून लावले जात, म्हणून वास्तुकाराला तेथे काही काढायचे नसे. भोजनदालनात मात्र भिंतीवर स्टक्कोची, म्हणजे बारीक गिलाव्याची, नक्षी आढळते. कापडात अन्नाचा वास साठून राहू नये म्हणून तेथे ते टाळावे, असे अ‍ॅडम यांनीच आपल्या ग्रंथात लिहिले आहे. एवढे एक कारण कळले तर खोलीचे नाव नसलेल्या कागदावरूनही ती कशासाठी होती याचा अंदाज बांधता येतो.

छताच्या रेखाटनावर दिशा लिहिलेली नसते, आणि नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने कागद कसाही धरला तरी चालतो असे वाटते. शेकोटीची बाजू, खिडक्यांची बाजू आणि स्तंभांनी तोडलेला भाग यांवरून ते प्लॅनवर बसवावे. कधी एकाच कागदाच्या दोन अर्ध्या भागांत दोन निराळे पर्याय असतात. ते एकच छत समजून पूर्ण काढले तर अस्तित्वात नसलेलीच रचना तयार होते.

९. काय बांधले गेले, ते पुराव्याने ठरवा

घर उभे असेल तर जाऊन पाहावे. पाडलेल्या घरांचे तुकडेही उपयोगी पडतात. लंडनमधील नॉर्थम्बरलँड हाऊस १८७४ मध्ये पाडले गेले, परंतु अ‍ॅडम यांच्या काचेच्या दालनाचे भाग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. लॅन्सडाउन हाऊसचे भोजनदालन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आणि बैठकीचे दालन फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयात आहे. आपल्यातील पुष्कळ मराठी कुटुंबे त्या भागांत राहतात. तिकडे जाणे झाले तर रेखाटनाची प्रत बरोबर नेऊन दालनात उभे राहून ताडून पाहावी, अठराव्या शतकातील कागद आणि गिलावा समोरासमोर पाहण्याची अशी संधी विरळा मिळते. डर्बी हाऊसमधील एट्रुस्कन शैलीची (प्राचीन मातीच्या भांड्यांवरील रंग व नक्षीवरून घेतलेली) ड्रेसिंग रूम नष्ट झाली, पण त्याच शैलीची खोली लंडनच्या पश्चिमेस ओस्टरली पार्क येथे शाबूत आहे. तिच्यावरून रंगांची आणि नक्षीच्या बारकाव्याची कल्पना येते. मात्र एका घराचा तपशील दुसऱ्याच्या चित्रात भरू नये.

यादीत शेवटी एक रकाना वाढवून प्रत्येक घटकापुढे ‘बांधले गेले’, ‘बदलून बांधले गेले’, ‘बांधले गेले नाही’ किंवा ‘अनिर्णित’ असे लिहावे आणि शेजारी पुरावा नोंदवावा. केवळ रेखाटन सुबक आहे हा पुरावा होत नाही. हिशेबाची नोंद, पत्र, छापील चित्र, जुने छायाचित्र किंवा पाहुण्याने लिहिलेले वर्णन यांपैकी दोन गोष्टी जुळल्या तरच ‘बांधले गेले’ असे लिहावे. ‘अनिर्णित’ची संख्या मोठी राहिली तरी संकोच करू नये. परीक्षक त्या नोंदींवरूनच तुमच्या बाकीच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवतो.

१०. आपली रेखाटने आणि परवानगी

स्वतः पुन्हा काढलेल्या प्रत्येक प्लॅनवर मूळ कागदाचा खंड व पान क्रमांक लिहा. तर्काने पूर्ण केलेला भाग तुटक रेषेने दाखवा आणि जुन्या, नव्या व पाडलेल्या भिंतींसाठी आपण ठरवलेले रंग कोपऱ्यात स्पष्ट करा. ऑनलाइन सूचीतील चित्रे अभ्यासासाठी पाहता येत असली, तरी प्रबंधात किंवा मासिकात छापण्यापूर्वी संग्रहालयाची लेखी परवानगी घ्यावी. तिला वेळ लागतो आणि शुल्कही असू शकते, म्हणून अर्ज प्रबंध पूर्ण होण्याची वाट न पाहता चित्रांची निवड झाल्याबरोबर पाठवावा आणि त्यात प्रत्येक चित्राचा सूची-क्रमांक, छापायचा आकार आणि प्रकाशनाचे स्वरूप नमूद करावे.